टर्बोचा अबोला

“तू फक्त फॉर्मवर सही कुठे करायची तेवढं बघ. गाडीचं माझ्यावर सोड. अकराच्या ठोक्याला टर्बो गाणं म्हणत मैदानावर येईल.”

असं दादांनी सकाळी सात वाजता, एका गालावर दाढीचा फेस असताना, बायकोला सांगितलं. दादा मोटारींचे मिस्त्री. कुठल्याही कामाची वेळ ते अशी मिनिटासकट सांगायचे. वेळ सांगणं आणि काम होणं ही त्यांच्या मते दोन वेगळी कामं होती, आणि पहिल्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

सगळा रस्ता दादांच्या बायकोला वहिनी म्हणे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पिशवीत कागद भरत होत्या.

“अकरा नको,” त्या म्हणाल्या. “परीक्षा चारला आहे, पावणेचारला आली तरी चालेल. पण यायला हवी. आणि चालायला हवी.”

“चालेल म्हणजे? धावेल.”

“तिसरी खेप आहे अहो. शिकाऊ परवाना उद्या संपतो. आज हुकलं की पुन्हा पहिल्यापासून. फोटो, फॉर्म, रांग, आणि खिडकीतल्या त्या बाईचं ‘पुन्हा आलात का’.”

“मग स्कूलच्या दुसऱ्या गाडीवर दे की परीक्षा.”

“तिचा क्लच माझ्या पायाला समजत नाही. दोन्ही वेळा चढावर तिनेच मला मागे नेलं. राखाडी गाडी मला कळते. तीच हवी.”

ही राखाडी गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. काल संध्याकाळपासून ती दादांच्या गॅरेजात उभी होती. तिचं दुखणं असं, की मधूनच स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागायचा आणि मग ती चाळीसच्या वर जायला साफ नकार द्यायची. सपाटीवर कशीबशी जायची. चढ आला, की जेवून कलंडलेल्या पाहुण्यासारखी ‘आता मला उठवू नका’ म्हणून बसायची. आणि परीक्षेत नेमका चढच असतो. मध्यावर थांबायचं, आणि बोटभरही मागे न येता पुन्हा निघायचं.

“आणि एक,” वहिनी दारात थांबून म्हणाल्या. “मी नऊपासून मैदानावर. आधी लेखी, मग रस्त्यावरच्या खुणांची, मग गाडीची. फोन आत नेऊ देत नाहीत. तेव्हा आज तुमचे निरोप बंद.”

दादांचा वस्तरा गालावरच थांबला. याचा त्यांनी विचार केला नव्हता.

निरोप म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचं एकच गॅरेज. वडिलांनी जाताना वाटणी चोख केली होती. पान्याने जे फिरतं ते थोरल्याचं, वायरीतून जे वाहतं ते धाकट्याचं. दोघेही आपापल्या कामात तरबेज. गेली चार वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच.

कारण पंखा. गॅरेजात उभा पंखा एकच. दादांचं म्हणणं, पंख्याने एकीकडे तोंड करून राहावं, म्हणजे निदान कुणाला तरी वारा लागतो. धाकट्याचं म्हणणं, पंख्याने मान फिरवावी, म्हणजे सगळ्यांना लागतो. एका दुपारी या विषयावर दोघे शेवटचं बोलले. भरपूर बोलले. त्यानंतर पंखा कुणीच लावला नाही. दोघेही घाम पुसत आपापल्या तत्त्वाने जगत होते.

पण गॅरेज चालवायचं तर बोलावं लागतं. म्हणून मधल्या टेबलावर वहिनी. दादा चार हातांवरून खणखणीत आवाजात म्हणायचे, “त्याला सांग, जॅक दे.” धाकटा ऐकायचा आणि स्वस्थ उभा राहायचा. मग वहिनी शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणायच्या, “भाऊजी, जॅक.” तेव्हा कुठे जॅक हलायचा. वहिनींच्या तोंडून आल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही, हा नियम दोघांनी फार निष्ठेने पाळला. एकदा वेल्डिंगची ठिणगी उडून दादांच्या बाहीने पेट घेतला, तेव्हाही धाकटा आधी “वहिनी, दादाला सांगा, पेटलाय तो” असं म्हणाला आणि मगच त्याने बादली उचलली.

साडेनऊला ड्रायव्हिंग स्कूलचे सर गाडी न्यायला येऊन बसले. सर म्हणजे गाडी शिकवणारे. वीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, की समोरून ट्रक अंगावर येत असला तरी ते म्हणायचे, “आता आपण थोडासा डावीकडचा विचार करू या.”

दादांनी गाडीला स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे पाटीएवढं यंत्र. त्याची वायर स्टिअरिंगखालच्या खाचेत खुपसली, की गाडीच्या मनात काय आहे ते पडद्यावर उमटतं. पडद्यावर उमटलं, ‘टर्बो कंट्रोलशी संपर्क तुटला.’

टर्बो म्हणजे इंजिनाच्या नाकात जोराने हवा कोंबणारा छोटासा पंखा. (या कुटुंबाला पंखा लाभत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू.) हवा किती कोंबायची ते ठरवायला त्याच्यावर एक डबी बसवलेली असते. तिला आपण टर्बोचं डोकं म्हणू. गाडीचा मुख्य कॉम्प्युटर वायरीतून डोक्याला हुकूम सोडतो, डोकं वायरीतूनच उत्तर देतं. उत्तर आलं नाही, की कॉम्प्युटर घाबरतो आणि गाडीला चाळीसवर बांधून ठेवतो.

“टर्बो ठणठणीत आहे,” दादा म्हणाले. “वायर गेली. सर, त्याला सांगा.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘तो’ म्हणजे धाकटा, दोन हातांवर उभा होता.

“ते ऐकताहेत ना?”

“ऐकत असेल. पण तुम्ही सांगा.”

सर वळले. “भाऊ, दादांना असं वाटतंय, की वायरीकडे एकदा बघायला हरकत नसावी.”

“दादाला सांगा,” धाकटा छताकडे बघत म्हणाला, “वायर म्हणजे रस्ता. रस्त्यावरून हाक पोचली आणि घरातून कुणी ओ दिली नाही, तर त्यात रस्त्याचा काय दोष? म्हणावं, डोकं तपास.”

“दादा, भाऊ म्हणतात डोकं तपासून घ्या,” सर म्हणाले, आणि घाईने जोडलं, “टर्बोचं.”

असं दहा मिनिटं चाललं. शेवटी ठरलं, की वायरीची जुडी हलवून बघायची.

ही पद्धत अगदी साधी आहे. एकाने गाडीत बसून स्कॅनरवर नजर ठेवायची. तिथे टर्बोकडून येणारा आकडा थरथरत असतो. दुसऱ्याने बॉनेटखाली वायरीची जुडी वीतभर वीतभर हलवत पुढे जायचं. ज्या जागी हलवल्यावर आकडा जाऊन नुसत्या रेघा येतात, तिथे दुखणं. आतला म्हणतो ‘थांब’, बाहेरचा तिथे बोट ठेवतो. दोन माणसांना या कामाला एक शब्द पुरतो.

इथे माणसं तीन होती.

दादा आत बसले. धाकट्याने टर्बोपासून सुरुवात केली. म्हणजे अगदी टर्बोपासून नव्हे. वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा एक कनेक्टर असतो, तो टर्बोच्या डोक्यात खोचलेला असतो. तो कनेक्टर सोडून. धाकट्याच्या मते कनेक्टर टर्बोवर बसतो, सबब थोरल्याचा. दादांच्या मते त्याला वायर असते, सबब धाकट्याचा. वडिलांच्या वाटणीत कनेक्टर राहून गेला होता. तेव्हा धाकट्याने कनेक्टरच्या लगतची वायर धरली आणि हलवली.

आत आकड्याच्या रेघा झाल्या.

“सर, त्याला सांगा, थांब,” दादा म्हणाले.

सर खुर्चीवरून उठले. वीस वर्षं ते विद्यार्थ्यांना सांगत आले होते, की वेग एकसारखा ठेवावा. त्याच एकसारख्या वेगाने त्यांनी बॉनेटला वळसा घातला, वळताना दोन्ही बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, दादांचं म्हणणं, आता आपण थांबायला हरकत नाही.”

धाकटा थांबला. तोवर त्याचा हात दोन विती पुढे, बॅटरीच्या बाजूला पोचला होता. तिथे त्याने पांढरी टेप गुंडाळली.

खात्री म्हणून दुसऱ्यांदा केलं. सर त्याच वेगाने आले. हात त्याच टेपवर होता. तिसऱ्यांदाही तेच. तीनदा तपासलं आणि तीनदा तीच जागा निघाली. याहून पक्का पुरावा जगात मिळत नाही. दादा गाडीतून उतरले ते जिंकलेल्या उमेदवारासारखे.

“सर, त्याला सांगा, आता टेपच्या जागी फोड. सडलेली वायर निघेल.”

धाकट्याने जुडीवरचं आवरण कापलं. आतल्या वायरी आज सकाळी कारखान्यातून आल्यासारख्या चकचकीत होत्या. त्याने भिंगातून पाहिलं, मीटर लावला, जिभेने फक्त चाटून पाहायचं बाकी ठेवलं. पुढच्या-मागच्या वीतभर वायरीही सोलून पाहिल्या. यात बारा वाजले.

“दादाला सांगा,” तो अंगात आलेला आनंद लपवत म्हणाला, “रस्ता लख्ख आहे.”

आता दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण तो बघायला वहिनी नव्हत्या. अकराचा ठोका केव्हाच होऊन गेला होता. दादांना एकदम आठवलं, की मागच्या परीक्षेहून परत आल्यावर ती सरळ गॅरेजात आली होती. टेबलापाशी बसून तिने शब्दकोडं उघडलं होतं, आणि तासभर त्यात एकही अक्षर भरलं नव्हतं. त्या तासात दादांनी तिला आठ निरोप सांगितले होते. ते त्यांना आता उगाचच मोजता आले.

“डोकं काढतो,” ते कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले. “सर, त्याला सांगा, कनेक्टर काढून दे.”

“दादाला सांगा, कनेक्टर टर्बोवर आहे.”

“त्याला सांगा, कनेक्टरला वायर आहे.”

“दादाला सांगा, घोड्याला लगाम असतो म्हणून घोडा चांभाराचा होत नाही.”

सरांनी हा निरोप पोचवला नाही. ते स्वतःच बॉनेटखाली वाकले. “मी काढू का? तेवढ्यासाठी कशाला.” आणि त्यांनी दोन बोटांनी कनेक्टर उचलला. तो इतका सहज निघाला, की सर म्हणाले, “अरे, हा तर नुसता टेकवलेलाच दिसतोय.”

हे ऐकायला तिथे दोन अनुभवी कारागीर होते. पण विषय कनेक्टरचा असल्यामुळे दोघांनीही तो आपला मानला नाही.

टर्बोचं डोकं काढायचं म्हणजे आधी त्याच्यावरचं सगळं काढावं लागतं. दादांनी ते काढलं. डोकं उघडलं, पुसलं, फुंकलं, आतलं दातेरी चाक फिरवून पाहिलं. चाक लोण्यासारखं फिरत होतं. डोकं निरोगी होतं. वायर निरोगी होती. आणि गाडी आजारी होती. घड्याळात अडीच वाजले होते.

दादांनी डोकं परत बसवलं. शेवटी कनेक्टर लोंबकळत राहिला आणि दोघे भाऊ दोन दिशांना बघू लागले. तेव्हा सरांनीच तो पुन्हा जागेवर ठेवला. क्लच सोडतात तसा, हळूच.

गाडी चालू केली. स्कॅनरवर आकडा आला. दादांनी बॉनेटवर थाप मारली, धाकट्याने जुडी हलवली, सरांनी न सांगता एक टायर दाबून पाहिला. आकडा जागचा हलला नाही.

“साफ केल्याने फरक पडला,” दादा म्हणाले.

“दादाला सांगा, टेप नवी लावल्याने पडला.”

“दादा, भाऊही खूश आहेत,” सर म्हणाले.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मैदान चार किलोमीटरवर. एकट्या सरांनी गाडी नेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दादांना ती स्वतःच्या हाताने बायकोपुढे उभी करायची होती. आणि दादा एकटे गेले असते तर यश फक्त साफसफाईला मिळालं असतं, म्हणून टेपच्या वतीने धाकटाही निघाला. दादा स्टिअरिंगवर बसले. धाकटा शेजारी, मांडीवर स्कॅनर घेऊन. सर मागे, दोघांच्या मधोमध, निरोपाच्या जागी.

आता ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कशी असते? तिच्या टपावर मोठी पाटी असते. आणि शिकवणाऱ्याच्या पायांपाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. धाकट्याला पाय ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

पहिले दोन किलोमीटर गाडी पाण्यावरच्या नावेसारखी गेली. दादांनी शीळही घातली. मग नदीवरच्या पुलाचा चढ लागला, रस्त्यात एक खड्डा आला, आणि पिवळा दिवा लागला.

“सर, दादाला सांगा, रेघा आल्या. गियर खाली घ्यायला सांगा.”

“दादा,” सर पुढे वाकून म्हणाले, “भाऊंना असं सुचवायचंय, की परिस्थिती लक्षात घेता...”

परिस्थिती तोवर मरायला टेकली होती. गाडी आचके देऊ लागली. धाकट्याने न राहवून आपल्या बाजूचा क्लच दाबला. त्याच क्षणी दादांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन आभाळ फाटल्यासारखं ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही.

“सर, त्याला सांगा, पाय काढ.”

“भाऊ, दादांची विनंती आहे, की पायांच्या बाबतीत...”

धाकट्याने पाय काढला तो झटक्यात. गाडीने बेडकासारखी उडी घेतली. दादांनी ब्रेक मारला. धाकट्यानेही मारला. एकाच गाडीला दोन माणसांनी दोन ब्रेक मारल्यावर ती जितकी थांबते तितकी ती थांबली. सरांचं कपाळ धाकट्याच्या सीटवर आपटलं. मागे गाड्यांची रांग लागली. एकजण हॉर्न वाजवणार होता, पण टपावरची पाटी बघून त्याने काच खाली केली आणि प्रेमाने म्हणाला, “जमेल हो, जमेल. माझंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं.”

दादा तीस वर्षं गाड्या चालवत होते. त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली.

पुलाचा तेवढा चढ चढायला अकरा मिनिटं लागली. हातात काठी घेतलेल्या एक आजी फुटपाथवरून त्यांच्या पुढे गेल्या, पुलाच्या टोकाला पाच मिनिटं विसावल्या, आणि यांची गाडी जवळ येताना दिसल्यावर पुन्हा पुढे निघाल्या. एकदा तर गाडी मागे घरंगळू लागली, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा सरांचा आवाज चढला. “दोघांनीही आपले पाय आपल्याजवळ घ्या.” दोघांनी घेतले, गाडी आणखी जोरात घरंगळली, आणि सरांनी मागच्या सीटवरून हात लांबवून हँडब्रेक ओढला.

मैदानाच्या फाटकातून गाडी आत शिरली, तेव्हा चारला आठ मिनिटं कमी होती. ती शिरली ती उड्या मारतच. फाटकाशी परीक्षा घेणारे साहेब हातात पुठ्ठा घेऊन उभे होते. त्यांच्या मागे, यादीतलं शेवटचं नाव म्हणून, वहिनी.

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. स्टिअरिंगवरच्या दादांकडे पाहिलं. शेजारच्या धाकट्याकडे पाहिलं.

“या दोघांचे नंबर कितवे?” त्यांनी विचारलं. “यांना परीक्षेला आणायची घाई कुणी केली? निदान दोन महिने अजून शिकवा.”

“ते परीक्षेला नाहीत साहेब,” वहिनी म्हणाल्या. “ते घरचे आहेत.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “चारच्या पुढे मी थांबत नाही बाई. चढावर जाईल का ही गाडी?”

“मला पाच मिनिटं द्या.”

वहिनी बॉनेटपाशी आल्या. दोघे भाऊ दोन्हीकडून उतरून एकदमच बोलू लागले. “अगं, त्याला सांग...” “वहिनी, दादाला सांगा...”

“निरोप बंद आहेत,” वहिनी म्हणाल्या. “मी विचारते तेवढंच. अहो, तुम्ही काय काढलंत?”

“टर्बोचं डोकं. आरशासारखं साफ केलं.”

“भाऊजी, तुम्ही काय पाहिलंत?”

“सगळी वायर. एकही डाग नाही.”

“आणि दोन्हीच्या मधला कनेक्टर?”

दादांनी आभाळाकडे पाहिलं. धाकट्याने बुटांकडे.

“ते त्याचं,” दादा म्हणाले.

“तो दादाचा,” धाकटा म्हणाला.

“तो मी ठेवला होता,” सर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. “अगदी हळूच.”

वहिनींनी दादांच्या खांद्यावरचं फडकं ओढून हाताला गुंडाळलं, गरम इंजिनाच्या मागे हात घातला आणि अंगठ्याने जोर दिला. ‘कट’ असा आवाज आला. एवढासा. पण दिवसभरात त्या गाडीतून आलेला तो पहिला समजूतदार आवाज होता.

“चार वर्षं,” फडकं परत खांद्यावर टाकत त्या म्हणाल्या, “आपल्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचे कनेक्टर कोण दाबतं, असं वाटतं तुम्हाला?”

दोघांनाही कधीच काही वाटलं नव्हतं. कनेक्टर आपोआप बसतात अशीच दोघांची समजूत होती.

“मागच्या महिन्यात ही सर्व्हिसला आली तेव्हा मी तापाने घरी होते. निरोप फोनवरून दिले मी तुमचे. फोनवरून कनेक्टर दाबता येत नाही.”

आणि त्या गाडीत बसल्या. साहेब शेजारी बसले, आधी पायांपाशीचे दोन्ही पेडल नीट तपासून.

मैदानाच्या कडेला एक बाक होता. दादा त्याच्या एका टोकाला बसले, धाकटा दुसऱ्या. मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली. सर उभेच होते. त्यांना आता कुणाच्याही मधे बसायचं नव्हतं.

राखाडी गाडीने आठाचा आकडा काढला. एकही खुंटी पडली नाही. गाडी उलटी चालत दोन दांड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. मग ती चढाकडे वळली. मध्यावर थांबली.

तिथून पुढे कुणाचा पाना चालणार नव्हता. साहेबांनी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं. गाडी थांबलेलीच. मागचे लाल दिवे जळत होते. दादांचा डावा पाय नकळत खालच्या मातीत रुतला आणि हळूहळू, केसभर केसभर वर येऊ लागला. पलीकडे धाकट्याचाही डावा पाय तसाच, त्याच वेगाने वर येत होता. उजवे पाय दोघांचे एकदमच खाली गेले.

लाल दिवे विझले. गाडी बोटभरही मागे न येता वर चढून गेली.

“गेली,” दादा म्हणाले.

“गेली,” धाकटा म्हणाला.

हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते बोलणं म्हणून धरता येत नाही.

साहेबांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला. वहिनींनी तो कागद दोनदा वाचला, मग मागची बाजूही वाचली, जिथे काहीच छापलेलं नव्हतं. डोळे पुसले ते धूळ गेली म्हणून. मग पिशवीत कागद ठेवून त्या पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या. सर शेजारी बसले.

“सरांना सोडते आणि गाडी स्कूलवर ठेवून येते.”

दादांनी मागच्या दाराला हात घातला. दार आतून बंद झालं.

“तुम्ही दोघं नको,” वहिनी काच खाली करून म्हणाल्या. “तुम्ही गाडीत असलात की टर्बो बोलत नाही.”

“मग आम्ही यायचं कसं?”

“ते आता तुमचं तुम्ही ठरवा. माझी निरोपाची नोकरी चार वाजता संपली.”

राखाडी गाडी फाटकातून बाहेर पडली आणि चाळीसच्या कितीतरी वर गेली. साहेब निघून गेले. फाटकवाल्याने एक दार लावून घेतलं. बाकावर एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला धाकटा, आणि मधे कुणीच नाही.

दादांनी खिसे चाचपले, घड्याळाला किल्ली दिली, शेवटी समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं.

“त्याला सांग,” ते खांबाला म्हणाले, “बस साडेपाचची आहे.”

खांब काही बोलला नाही. धाकट्याने थोडी वाट पाहिली. नियम तो नियम. मग तोही घसा साफ करून खांबाकडे वळला.

“दादाला सांग,” तो म्हणाला, “ऐकू येतं मला.”